'गिव्ह अप' आणि 'पाणी सोडणे'

इंग्रजी शिकू लागलेला मराठी विद्यार्थी लांबलचक शब्दांना जितका भितो, तितके ते शब्द त्याला छळीत नाहीत. लांब शब्द कोशात सापडतो, त्याचा अर्थ बहुधा एकच असतो आणि तो पाठ केला म्हणजे काम भागते. खरी अडचण उभी राहते ती दोन-तीन अक्षरांच्या, पहिल्याच वर्षी ओळखीच्या झालेल्या शब्दांपाशी. 'गिव्ह' म्हणजे देणे हे त्याला ठाऊक असते, 'अप' म्हणजे वर हेही ठाऊक असते. परंतु हे दोन शब्द शेजारी आले, की त्याची दोन्ही ज्ञाने एकदम निरुपयोगी ठरतात. 'तिने चहा वर दिला' असे काहीतरी भाषांतर तो करतो, आणि मूळ वाक्यातील बाईने तर चहा पिणे कायमचे बंद केलेले असते.

ही अडचण कोठल्याही गावच्या मुलाला येते. परंतु मध्य प्रदेशाच्या दक्षिण कडेवरील तिगावासारख्या गावी तिला आणखी एक पदर आहे. नागपूरहून इटारसीकडे जाणारा लोहमार्ग पांढुर्ण्याच्या पुढे सातपुड्याच्या चढाला लागतो, त्या वाटेवर तिगावचे स्थानक आहे. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ साली त्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. या पट्ट्यातील असंख्य घरांची भाषा मराठी आहे, तर शाळेची आणि कचेरीची भाषा हिंदी. इंग्रजी येते ती तिसरी, आणि येते तीही हिंदीच्या दारातून. अशा मुलाला 'गिव्ह अप' कळावे कसे, हा प्रश्न वरवर व्याकरणाचा वाटतो, परंतु त्याचे उत्तर त्याच्या घरच्या बोलीत दडलेले आहे, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही.

प्रथम हे सांगितले पाहिजे, की या जोडशब्दांनी गोंधळून जाण्यात कमीपणा नाही. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनीच कबूल केले आहे, की क्रियापदाच्या मागून एखादे लहान अव्यय जोडून त्याचा अर्थ पालटण्याची जी इंग्रजीची रीत आहे, तिच्याइतका त्रास परकीयांना दुसऱ्या कशाचा होत नाही. या जोड्यांना आज 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ सालच्या आपल्या ग्रंथात वापरले आणि ते सुचविल्याचे श्रेय त्यांनी कोशकार हेन्री ब्रॅडली यांना दिले. म्हणजे वस्तू पुरातन, तिचा त्रासही पुरातन. नाव तेवढे विसाव्या शतकातले.

आता 'गिव्ह अप'चे अर्थ पाहावेत. याचा जुना अर्थ हवाली करणे, स्वाधीन करणे हा आहे. वेढ्यात सापडलेला किल्लेदार किल्ला 'गिव्ह अप' करतो, फरारी आरोपी पोलिसांपुढे येऊन स्वतःला 'गिव्ह अप' करतो. आगगाडीत वृद्ध प्रवाशाला पाहून एखादा तरुण आपली जागा 'गिव्ह अप' करतो, तेव्हाही अर्थ तोच असतो. स्वतःच्या ताब्यातील वस्तू दुसऱ्याला दिली जाते. दुसरा अर्थ एखादी सवय, धंदा किंवा नाद बंद करणे हा. येथे घेणारा कोणी नसतो. तंबाखू सोडणारा मनुष्य ती कोणाच्या हवाली करीत नाही. तिसरा अर्थ प्रयत्न थांबवून हार मानणे. कोडे सुटत नाही, मुलगा पाटी खाली ठेवतो आणि म्हणतो, 'आय गिव्ह अप'. येथे कर्मही उरले नाही, नुसतीच माघार उरली. चौथा अर्थ एखाद्याविषयीची आशा सोडणे. डॉक्टरांनी रोग्याला 'गिव्ह अप' केले, म्हणजे मराठीत त्यांनी हात टेकले. आणि या साऱ्यांच्या शेवटी 'गिव्ह अप द घोस्ट' हा जुना वाक्प्रचार येतो, ज्याला मराठीत 'प्राण सोडणे' असा अगदी जुळणारा शब्द तयार आहे.

हे अर्थ वेगळे कसे आणि एकत्र कसे, हे पांढुर्ण्याच्या माणसाला एका ओळखीच्या दृश्यावरून समजू शकेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन बाजूंमध्ये गोटमार होते. ते झाड एका बाजूने दुसऱ्या बाजूच्या हवाली केले, तर तो 'गिव्ह अप'चा पहिला अर्थ. दगडांच्या माऱ्यापुढे एखाद्याने माघार घेतली, तर तो तिसरा. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, क्वचित जीवही जातात, म्हणून ही चाल बंद करावी असे जाणती माणसे सांगतात आणि प्रशासनही वेळोवेळी तसे प्रयत्न करीत आले आहे. तो दुसरा अर्थ. नदी एक, दिवस एक, शब्दही एक. परंतु काय सोडले आणि कोणासाठी सोडले, यावरून अर्थ ठरतो.

मग या सर्वांत 'अप'चे, म्हणजे 'वर'चे, काम काय? इंग्रजीत हे अव्यय पुष्कळदा दिशा दाखवीत नाही, पुरेपणा दाखविते. 'ईट' म्हणजे खाणे, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे. 'ड्रिंक' म्हणजे पिणे, 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाकणे. 'टेअर अप' म्हणजे फाडून टाकणे, 'यूज अप' म्हणजे वापरून संपविणे. क्रिया अर्धवट राहिली नाही, तड लागली, मागे काही उरले नाही, एवढे 'अप' सांगते. येथे मराठी कानाला एकदम ओळख पटावी. 'टाकणे' या क्रियापदाचा मूळ अर्थ फेकणे. पण 'भाकर खाऊन टाक' असे आई म्हणते, तेव्हा भाकर फेकून द्यावी असे कोणत्याच मुलाला वाटत नाही. 'टाक' हा शब्द आपला स्वतःचा अर्थ बाजूस ठेवून पहिल्या क्रियेला पुरेपणा देतो. इंग्रजीने जे काम अव्ययाकडे सोपविले, ते मराठीने दुसऱ्या क्रियापदाकडे सोपविले, इतकाच भेद.

मराठी व्याकरणात यांना संयुक्त क्रियापदे म्हणतात, आणि त्यांचे बारकावे इंग्रजी जोड्यांपेक्षा तिळमात्र कमी नाहीत. 'त्याने नोकरी सोडली' हे नुसते वृत्त झाले. 'त्याने नोकरी सोडून दिली' यात त्याचा निश्चय आला. 'सोडून टाकली' यात एकदाची कटकट मिटविल्याचा भाव आला. आणि 'तो नोकरी सोडून बसला' असे म्हणताच बोलणाऱ्याची नापसंती उघड झाली. असे करायला नको होते, आता भोगा फळे, हे न बोलता बोलले गेले. एकाच धातूपुढे देणे, टाकणे, बसणे यांपैकी कोणता शब्द ठेवावा, हे कोणी शाळेत शिकविलेले नसते. चार वर्षांचे मूल ते अचूक करते.

त्यातही 'सोडून देणे' हा प्रयोग विशेष पाहण्यासारखा आहे. इंग्रजीने त्याग सांगण्यासाठी 'गिव्ह', म्हणजे देणे, हे क्रियापद घेतले. मराठीनेही त्याग सांगताना शेवटी 'देणे'च घेतले. तंबाखू सोडून देणारा ती कोणाला देतो? कोणालाच नाही. तरीही दोन दूरच्या भाषांनी त्याग आणि दान यांची सांगड घातली, कारण दोहोंत हातातील वस्तू हातातून जाते आणि ती परत मागावयाची नसते.

ही सांगड मराठीत आणखी एका ठिकाणी दिसते, आणि ते ठिकाण पांढुर्णा-सौंसर भागातील शेतकऱ्याच्या रोजच्या कामातील आहे. हा संत्र्यांच्या बागांचा मुलूख. संत्र्याचा बहार धरावयाचा म्हणजे काही आठवडे झाडांचे पाणी बंद ठेवून त्यांना ताण देतात आणि मग योग्य वेळी पाणी सोडतात, तेव्हा झाड फुलावर येते. त्या दिवशी शेतकरी म्हणतो, 'बागेला पाणी सोडले.' यात आनंद आहे, आशा आहे. आता एकच प्रत्यय बदलून 'बागेवर पाणी सोडले' असे म्हटले, की सारे उलटे होते. भावांच्या वाटणीत त्याने बाग गमावली, हक्क सोडला, आता तिच्याशी त्याचा संबंध उरला नाही. पाणी तेच, सोडणे तेच. 'ला'च्या जागी 'वर' आले आणि फुललेली बाग हातची गेली.

या वाक्प्रचाराचे मूळ दानाच्या विधीत आहे. दान देताना हातावर पाणी घेऊन संकल्प करावयाचा आणि ते पाणी सोडावयाचे, अशी चाल आहे. ते उदक सुटले की वस्तूवरील दात्याचे स्वामित्व संपले. म्हणून 'एखाद्या वस्तूवर पाणी सोडणे' म्हणजे तिच्यावरील हक्क कायमचा टाकणे. ज्या मुलाला 'बागेला' आणि 'बागेवर' यांतील अंतर समजते, त्याला 'गिव्ह' आणि 'गिव्ह अप' यांतील अंतर समजावून देण्यास फार वेळ लागू नये. एका लहान शब्दाने क्रियापदाचा जन्मच पालटतो, हे त्याला आधीच ठाऊक आहे. ते ठाऊक आहे याची जाणीव तेवढी कोणी करून दिलेली नसते.

वापराचे नियमही याच रीतीने सोपे होतात. 'गिव्ह अप'नंतर दुसरे क्रियापद आले तर ते 'इंग' लावून यावे लागते. 'गिव्ह अप स्मोकिंग' बरोबर, 'गिव्ह अप टू स्मोक' चूक. हा नियम मुले घोकतात आणि विसरतात. परंतु मराठीत 'त्याने विडी ओढणे सोडले' असेच कोणीही म्हणेल. 'त्याने विडी ओढायला सोडले' असे म्हणताच कान तक्रार करील. 'ओढणे' हे नाम झालेले रूप म्हणजे 'इंग'चा भाऊ, आणि 'ओढायला' हे हेतू दाखविणारे रूप म्हणजे बहुधा 'टू'चा. 'मुलांना खेळायला सोडले' हे वाक्य मराठीत चालते, पण तेथे खेळ बंद झालेला नसतो, नुकताच सुरू झालेला असतो. कानाने दिलेला हा कौल व्याकरणाच्या पानापेक्षा अधिक काळ टिकतो.

दुसरा नियम शब्दांच्या क्रमाचा. 'गिव्ह अप द सीट' आणि 'गिव्ह द सीट अप' ही दोन्ही रूपे चालतात. परंतु नामाऐवजी 'इट', 'देम' असे लहान सर्वनाम आले तर ते मधेच बसले पाहिजे. 'गिव्ह इट अप' हेच शुद्ध. 'गिव्ह अप इट' असे कोणी म्हणत नाही. मराठी संयुक्त क्रियापदाच्या सांध्यातही असेच लहान शब्द शिरतात: 'सोडूनच दिले', 'सोडून तर दिले', 'सोडूनही देईल'. जोडी पक्की असली तरी तिच्या सांध्यात एखादा हलका शब्द मावतो, हे दोन्ही भाषांना मान्य आहे.

मराठीची मदत सर्वत्र बिनधोक असते, असे मात्र समजू नये. 'सोडणे' या शब्दाचा संसार फार मोठा आहे. बैल सोडतात, शाळा सोडतात, पाहुण्याला स्थानकावर सोडतात, उपास सोडतात, कोणी रागाच्या भरात घर सोडतो. इंग्रजीत या प्रत्येकासाठी निराळा शब्द लागतो. मुलाने 'सोडणे म्हणजे लीव्ह' एवढेच पाठ केले, म्हणजे तो 'ही लेफ्ट टी' असे लिहितो आणि वाचणाऱ्या इंग्रजास वाटते, की चहा टेबलावर तसाच राहिला. सवय सोडली तर 'गिव्ह अप', पाखरू सोडले तर 'लेट गो', पाहुणा स्थानकावर सोडला तर 'ड्रॉप', गाव सोडले तर 'लीव्ह'. मराठी शब्द कोणत्या अर्थाने आला आहे हे आधी मराठीतच नीट ओळखले, तर इंग्रजी शब्द चुकत नाही. मातृभाषेचे अर्धे ज्ञान फसविते, पुरे ज्ञान तारते.

तिगावच्या मुलापाशी आणखी एक उदाहरण आहे, जे पुण्याच्या मुलापाशी नाही. वऱ्हाड-नागपूरकडील बोलीत 'तो काय करून राहिला?' म्हणजे 'तो काय करीत आहे?' 'मी येऊन राहिलो' म्हणजे 'मी येत आहे'. हिंदीच्या शेजाराची छाया या प्रयोगावर स्पष्ट आहे. 'तो नोकरी सोडून राहिला' हे वाक्य तिगावात उच्चारले तर नोकरी सुटण्याच्या बेतात आहे. तेच पुण्यात उच्चारले तर नोकरी सोडून तो कोठे राहिला, असा प्रश्न ऐकणारा विचारील. पुस्तकी मराठीच्या अभिमान्यांनी या प्रयोगाला अशुद्ध म्हणून हिणविले आहे. तथापि जोडशब्दाचा अर्थ त्याच्या तुकड्यांत नसतो, त्या जोडीत आणि ती बोलणाऱ्या लोकांत असतो, हा 'गिव्ह अप'चा मुख्य धडा या हिणविलेल्या बोलीइतका स्वच्छ दुसरे कोण शिकवील?

मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकण्याची परंपरा लहान नाही. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ साली. मेजर कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'वर तर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. या साऱ्या ग्रंथांचे गृहीत एकच होते: विद्यार्थी जे जाणतो, तेथून त्याला हात धरून न्यावे.

तिगावच्या बाजूस हा धागा राज्यपुनर्रचनेनंतर विरळ झाला. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि राज्यकारभारात हिंदीबरोबर मराठीलाही स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. नागपूर तेथेच राहिले, आगगाड्याही चालू राहिल्या, पण मधे राज्याची सीमा आली. त्याच वर्षी घटनेत ३५० (क) हे कलम घालण्यात आले आणि भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे त्यात म्हटले गेले. कलम आहे, परंतु कलमाने भाषा जगत नाही, ती वर्गात आणि घरात वापरल्याने जगते.

यात हिंदीशी वैर मांडण्याचे कारण नाही. हिंदीतही 'छोड़ देना' आहे, 'खा डालना' आहे. तिचीही घडण मराठीसारखीच आहे. ज्या मुलाला दोन्ही भाषा येतात, त्याच्यापाशी 'गिव्ह अप' उघडण्याच्या दोन किल्ल्या आहेत. त्यांतील एक किल्ली गावंढळ म्हणून घरी ठेवून यावयास लावणे, एवढीच चूक आहे.

शेवटी मराठीतील एक भेद ध्यानात ठेवावा, जो 'गिव्ह अप'मध्ये मावत नाही. 'गिव्ह अप'ला कर्ता लागतो. कोणीतरी ठरवून सोडावे लागते. मराठीत 'सोडणे' आहे, तसे 'सुटणे'ही आहे. 'त्याने सवय सोडली' यात निश्चय आहे. 'त्याची सवय सुटली' यात कोणी काही ठरविलेले नाही, दिवस गेले आणि ती गेली. भाषा बहुधा दुसऱ्या रीतीने जातात. अमुक दिवसापासून मराठी सोडावी असा ठराव कोठलेही गाव करीत नाही. आजोबा बोलतात, वडील घरापुरती बोलतात, मुलाला कळते पण तो उत्तर हिंदीतून देतो, आणि एके दिवशी ती सुटलेली असते. तिच्यावर पाणी कोणी सोडले, असे विचारले तर बोट दाखवावयास माणूस सापडत नाही.

म्हणून तिगावच्या शाळेत जेव्हा फळ्यावर 'गिव्ह अप' लिहिले जाईल, तेव्हा शिक्षकांनी त्याचा अर्थ सांगण्यापूर्वी मुलांना एकच प्रश्न विचारावा: 'तुमच्या घरी याला काय म्हणतात?' कोणी म्हणेल सोडून देणे, कोणी म्हणेल हात टेकणे, आणि बागाईतदाराच्या घरचे एखादे मूल म्हणेल पाणी सोडणे. त्या तीन उत्तरांत इंग्रजीचा धडा पुरा होईल, आणि एक भाषा त्या दिवसापुरती तरी सुटावयाची राहील.